कपाटाचं वय किती? चोर बाजार, रेडिओकार्बन आणि मस्तानी महाल

आजचा विषय फर्निचरचा आहे, पण रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या सगळ्यांसाठी आहे.

मुलुंडमध्ये सध्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. घरं रिकामी होताना शिसवी कपाटं, पितळी कड्यांचे झोपाळे, आरशाची टेबलं बाहेर निघतात. अशा सामानातलं बरंच भंगारात जातं. काही चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटसारख्या ठिकाणी पोचतं आणि तिथे त्याला नवी ओळख मिळते: 'दीडशे वर्षांपूर्वीचं, ओरिजिनल'. १९ व्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर भरगच्च कोरीवकाम केलेलं फर्निचर बनायचं. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने त्याला आजही मागणी आहे. त्यामुळे वय वाढलं की किंमत वाढते.

कायद्यालाही वयाशी देणंघेणं आहे. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार कारागिरीची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल तर ती पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार करायला लायसन लागतं आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे '९५ की १०५?' हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही.

मग सायन्सवाल्यांना वाटतं, सोपं आहे, कार्बन-१४ करून टाका. इथेच गंमत आहे. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे हजारो वर्षांच्या मोजमापासाठी ही पद्धत उत्तम. पण साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चं प्रमाण सूर्याच्या हालचालींमुळे वरखाली होत राहिलं. पुढे कोळसा जाळल्यामुळे त्यात आणखी गोंधळ झाला. परिणाम असा की या तीनशे वर्षांतल्या लाकडाचा एखादा नमुना तपासला, तर उत्तर अनेकदा एका तारखेऐवजी तीन-चार शक्यतांमध्ये विखुरलेलं येतं. पेशवाई आणि व्हिक्टोरियन काळ, दोन्ही नेमके याच खड्ड्यात.

एक गोष्ट मात्र ही पद्धत छान सांगते. १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ झपाट्याने वाढला आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाला. त्यानंतर वाढलेल्या झाडाचं लाकूड म्हणूनच ओळखू येतं. 'पेशवेकालीन' चौरंगात हा कार्बन सापडला, तर विषय संपला.

नाही सापडला तर? तर चौरंग जुना, असं म्हणता येत नाही. लाकूड जुनं, एवढंच म्हणता येतं. पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून आज सकाळी कापलेला चौरंगही ही परीक्षा आरामात पास होईल.

वार्षिक कड्यांचंही तसंच. पावसाळी हवामानात सागाला वर्षाला एक कडी पडते. पुण्याच्या आयआयटीएममध्ये सागाच्या कड्यांवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास झाला आहे. पण सुतार रंधा मारताना बाहेरच्या कड्या काढून टाकतो. त्यामुळे कड्या जुळल्या तरी उत्तर मिळतं ते 'या वर्षानंतर कधीतरी' असं. ती वयाची एक बाजूची मर्यादा आहे, तारीख नाही. हा फरक थिसिसमध्ये ज्याला लिहिता आला, त्याचं निम्मं काम झालं.

म्हणून मशीनआधी डोळे. ड्रॉवर बाहेर काढून मागची बाजू बघायची. गोल करवतीच्या कमानदार खुणा आहेत की हातकरवतीच्या सरळ? सांधे लाकडी खुंट्यांचे की स्क्रूचे? टोकदार स्क्रू १९ व्या शतकाच्या मध्यापासून रुळले, अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे १९३० च्या दशकात आले. पण एकटा स्क्रू पुरावा होत नाही, कारण तो नंतरच्या दुरुस्तीतलाही असू शकतो. दहा सांधे बघायचे आणि ते एकच गोष्ट सांगतात का ते तपासायचं.

आता एका वस्तूवरून अख्ख्या दालनाकडे येऊ. त्यासाठी पुण्याला जावं लागेल. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला, पण १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळाले. तिथे पेशवाईतली खोली बघायला मिळत नाही. ती बघायला लोक राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातात. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि १९७५ मध्ये तो सरकारला सोपवला. त्यात दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते आहेत आणि 'मस्तानी महाल'ही आहे. पहिल्या बाजीरावांनी कोथरूडला १७३४ मध्ये बांधलेल्या महालाचे अवशेष तिथून आणून इथे पुन्हा उभे केलेत, असं सांगितलं जातं.

मग हा महाल खरा की खोटा? प्रश्नच चुकीचा आहे. इथे तीन वयं आहेत. लाकडाचं वय, त्यावरच्या कामाचं वय आणि मांडणीचं वय. खांब १८ व्या शतकाचे असतील, पण त्यांच्यामध्ये काय ठेवायचं आणि दिवा कुठे लावायचा, हा निर्णय २० व्या शतकातल्या माणसांचा. म्हणून तो महाल दोन काळांचा पुरावा आहे: पेशवाईचा, आणि २० व्या शतकाने पेशवाई कशी कल्पिली याचाही.

केळकरांनी वस्तू उचलून आणल्या म्हणून त्या वाचल्या, हे खरंच. पण दरवाजा वाड्यातून निघाला की तो देवडीचा होता की माजघराचा, हे नोंद नसेल तर कायमचं जातं. ती माहिती परत मिळवून देणारं यंत्र कुठल्याही लॅबमध्ये नाही.

तेव्हा जुनी वस्तू, हस्तलिखित, जीवाश्म, काहीही हातात असो, वहीत तीन रकाने करा: साहित्य, घडण, मांडणी. प्रत्येक पुरावा यातल्या नेमक्या कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर पुढच्या फील्डवर्कला तिथूनच सुरुवात करा. आणि तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल, तर कपाट विकण्याआधी ते ज्या खोलीत होतं तिथेच फोटो काढा, मागे तारीख आणि घरातल्यांनी सांगितलेली हकिकत लिहून ठेवा.