आयआयटीचे कोर्स फुकट, पण शिफ्टवाल्याला परवडतात का? ‘स्वयम’ आणि ‘एनपीटीईएल’चं गणित

चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या आयटीआय पास तरुणाने रोबोटिक्स किंवा वेल्डिंगचा कोर्स आयआयटीच्या प्राध्यापकाकडून शिकायचं ठरवलं, तर आज त्याला फी भरावी लागत नाही. मोबाइल आणि डेटा पॅक पुरतो. अशा खुल्या ऑनलाइन कोर्सना ‘मूक’ म्हणतात. नाव मूक असलं तरी गाजावाजा भरपूर झाला.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या एआय कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं आणि जगभर चर्चा सुरू झाली. भारतात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचं ‘एनपीटीईएल’ २००३ पासूनच होतं. तेव्हा फक्त लेक्चर्स असायची, प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ मध्ये आले. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम’ सुरू केलं. एनपीटीईएलचे कोर्सही आता त्यावरच मिळतात.

नाव नोंदवतात सगळे, टिकतात किती?

हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सच्या अभ्यासात २०१७-१८ साली फक्त ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केल्याचं दिसलं. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. अर्थात, अनेक जण नुसते डोकावायला येतात. त्यांना नापास धरणं बरोबर नाही.

पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातली अडचण वेगळी आहे. एनपीटीईएलचे कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि दर आठवड्याच्या असाइनमेंटला मुदत असते. नाइट शिफ्ट आणि ओव्हरटाइम एकाच आठवड्यात आले की ती हुकते. थोडी सवलत आहे: १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. त्यांना २५ टक्के, तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. परीक्षेची फी साधारण हजार रुपये, शिवाय कदाचित एक खाडा.

दुसरा अडथळा भाषेचा. बहुतेक लेक्चर्स इंग्रजीत आहेत. मराठीतून आयटीआय केलेल्याला मशीन कळतं, लेक्चर कळत नाही. मराठीतून तांत्रिक शिक्षण अशक्य आहे असंही नाही. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला २०२१ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायची परवानगी मिळाली होती.

आणि प्रमाणपत्राचं पुढे काय? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम’वरून करू देऊ शकतात. म्हणजे आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना क्रेडिट मिळू शकतं. लाइनवरच्या कामगाराची ग्रेड मात्र त्यामुळे आपोआप वाढत नाही. ज्याच्यासाठी ही सोय सगळ्यात मोठी ठरली असती, त्याच्याच हाती सगळ्यात कमी लागतं.

कोर्स करायचाच असेल, तर एक गोष्ट उपयोगाची आहे. नावनोंदणी आणि परीक्षेची नोंदणी वेगवेगळी असते. आधी दोन आठवडे लेक्चर्स बघा, एखादी नाइट शिफ्ट त्यात येऊ द्या, आणि मगच हजार रुपये भरा.