बेस गिटार : देशाचा शिक्का आणि वाद्याचे मोल

विजेवर वाजणाऱ्या बेस गिटारच्या दांडीवर, बहुधा खुंट्यांच्या मागच्या बाजूस, एक बारीक ओळ छापलेली असते : 'मेड इन यूएसए', 'मेड इन मेक्सिको', 'मेड इन जपान', 'मेड इन इंडोनेशिया'. वाद्य विकत घेऊ पाहणाऱ्या अनेकांची नजर तारांच्या आधी या ओळीकडे वळते. फेंडर कंपनीचा कॅलिफोर्नियात बनलेला बेस ज्या किमतीला मिळतो, तिच्या साधारण निम्म्या किमतीत त्याच आकाराचा मेक्सिकोत बनलेला बेस मिळतो. त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' या स्वस्त नाममुद्रेखाली आशियात तयार झालेला बेस तर त्याहूनही पुष्कळ स्वस्त असतो. लाकडाची घडण सारखी, तारेची वाजती लांबी तीच ३४ इंच, चार तारांचे स्वरही तेच. हा फरक वाद्यात असतो की त्या ओळीत, हा वाद वादकांमध्ये गेली चार दशके तरी चालू आहे. देशाच्या नावावरून वाद्याचा दर्जा सांगता येत नाही. ते कोणत्या किमतीला विकण्यासाठी घडवले गेले, एवढे मात्र त्यावरून बऱ्यापैकी ओळखता येते.

बेस गिटारचा दर्जा मुख्यतः तिच्या दांडीत असतो. चार तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास भरतो आणि तो लांबलचक मेपल लाकडाला रात्रंदिवस वाकवू पाहतो. त्याला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते. ती पिळून दांडीचा बाक कमी-जास्त करता येतो. लाकूड नीट वाळवलेले नसेल, तर सळईचे काही चालत नाही. त्यानंतर फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या. त्या एका पातळीत घासून त्यांच्या कडा गोल करणे हे वेळखाऊ, चिकाटीचे काम आहे आणि स्वस्त वाद्यात पहिली काटकसर होते ती तेथेच. मग तारगहनाच्या खाचा, घोडीचे धातुकाम, चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळून केलेले पिकअप आणि आवाज कमी-जास्त करणारी बटणे. यांपैकी शेवटच्या गोष्टी नंतर बदलता येतात. दांडी बिघडली, तर मात्र बहुधा दुसरी दांडीच शोधावी लागते.

या वाद्याचा इतिहास कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात सुरू होतो. रेडिओ-दुरुस्तीच्या धंद्यातून पुढे आलेले लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि १९६० साली 'जॅझ बेस'. उभ्या, अवजड डबल बेसच्या जागी गळ्यात अडकवता येईल असे, फ्रेट असलेले आणि कारखान्यात एकसारखे बनवता येईल असे वाद्य त्यांना हवे होते. दांडी आणि धड वेगवेगळे घडवून चार स्क्रूंनी जोडायचे, ही त्यांची युक्ती. तंतुवाद्य घडवण्यासाठी पिढीजात कारागीरच हवा ही अट तिने काढून टाकली, आणि पुढे हे वाद्य जगात कोठेही बनू शकले त्याचे बीजही तिच्यातच आहे. आज संग्राहक ज्या काळाला सुवर्णकाळ मानतात, त्या काळातील फुलर्टनच्या कामगारांत मेक्सिकन वंशाच्या लोकांचा मोठा भरणा होता. १९५०च्या दशकातील काही दांड्यांच्या टाचेवर तादेओ गोमेझ या कारागिराची आद्याक्षरे आढळतात आणि अशा दांड्यांना वेगळा भाव मिळतो. १९५६ साली कामाला लागलेल्या अ‍ॅबिगेल इबारा यांनी हाताने गुंडाळलेले पिकअपही असेच नावाजले गेले. 'मेक्सिकन' या शब्दाला नाक मुरडणाऱ्या ग्राहकाला ही नावे सहसा ठाऊक नसतात.

जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. उत्पादन वाढले, नफ्याचे हिशेब कडक झाले आणि १९७०च्या दशकात कामात ढिलाई आली. जॅझ बेसची दांडी चारऐवजी तीन स्क्रूंनी जोडली जाऊ लागली. धड आणि दांडीच्या सांध्यात फट राहिलेली, वजनाने खांदा अवघडून टाकणारी वाद्ये त्या काळात बाहेर पडली. ती सगळीच वाईट नव्हती, पण कोणते चांगले निघेल याचा भरवसा उरला नव्हता. ती सर्व 'मेड इन यूएसए'च होती.

नेमक्या याच सुमारास जपानी कारखाने अमेरिकन वाद्यांच्या हुबेहूब प्रती काढण्यात तरबेज झाले होते. नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथील फुजिगेन हा कारखाना त्यांत अग्रेसर. इबानेझ या नावाने येणाऱ्या प्रतींमुळे गिब्सनची मालक असलेली नॉर्लिन कंपनी इतकी अस्वस्थ झाली, की १९७७ साली तिने दांडीच्या टोकाच्या आकारावरून इबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर दावा लावला; पुढे तो न्यायालयाबाहेर मिटला. फेंडरने वेगळी वाट धरली. १९८२ साली जपानी भागीदारांसह 'फेंडर जपान' स्थापन झाली आणि फुजिगेनमध्ये जुन्या फेंडर आराखड्यांबरहुकूम वाद्ये बनू लागली. त्यांतील स्वस्त वाद्यांना 'स्क्वायर' हे नाव मिळाले. या पहिल्या वाद्यांच्या क्रमांकांची सुरुवात 'जेव्ही' या अक्षरांनी होते. स्वस्त म्हणून विकले गेलेले ते बेस आज संग्राहक शोधत फिरतात. १९८५ साली फेंडरच्या व्यवस्थापकांनी सीबीएसकडून कंपनी परत विकत घेतली, तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात आला नाही. कोरोना येथे नवा कारखाना उभा राहीपर्यंत या अस्सल अमेरिकन नावाने विकली जाणारी बहुतेक वाद्ये जपानमध्येच बनत होती.

मग हे काम जपानमध्येच का टिकले नाही? कारण दर्जाचे नसून चलनाचे होते. सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते १९८८च्या सुमारास सव्वाशेच्या घरात आले. स्वस्त जपानी वाद्य स्वस्त राहिले नाही. स्क्वायरचे काम कोरियाकडे सरकले. १९८९-९०च्या सुमारास 'स्क्वायर टू' नावाच्या काही गिटारी चक्क 'मेड इन इंडिया' या शिक्क्यानिशी परदेशात गेल्या, पण तो प्रयोग लवकरच आटोपला. १९८७ साली फेंडरने सीमेपलीकडे, मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना काढला. कोरियात लोकशाही आंदोलनानंतर मजुरी वाढली, तसे तेथील उद्योजक इंडोनेशिया आणि चीनकडे वळले. कॉर्ट या कोरियन कंपनीने २००७ साली मायदेशातील आपले कारखाने बंद केले. काढून टाकलेल्या कामगारांचा लढा बारा वर्षे चालला आणि एप्रिल २०१९मध्ये तडजोडीने संपला. वर्षानुवर्षे गिटारी घडवलेले ते हात एका दिवसात अकुशल झाले नव्हते. महाग झाले होते, इतकेच. देशादेशांची ही उतरंड वाद्यांच्या दुकानात गुणवत्तेची म्हणून वाचली जाते, प्रत्यक्षात ती मजुरीची आणि विनिमयदराची आहे. लोकांच्या मनातील देशाची पत तर वस्तुस्थितीच्या वीसेक वर्षे मागून चालते. १९७०च्या दशकात 'जपानी' म्हणजे नक्कल असे, आज ती शिफारस आहे.

त्या शिक्क्याचा कायदेशीर अर्थही वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेत 'मेड इन यूएसए' म्हणण्यासाठी वस्तू 'संपूर्णपणे किंवा जवळजवळ संपूर्णपणे' तेथे बनलेली असावी, असा संघीय व्यापार आयोगाचा दंडक आहे. २०२१ साली त्याला नियमाचे रूप मिळाले. आयात मालावर मात्र ज्या देशात त्याचे शेवटचे मोठे रूपांतर झाले, त्याचे नाव पडते. लाकूड एका देशाचे, खुंट्या दुसऱ्याच्या, पिकअप तिसऱ्याचे, असे असले तरी शिक्का एकच. असंख्य बेसची बोटे ठेवण्याची पट्टी शिसवीची असते, आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती ब्राझीलऐवजी मुख्यत्वे भारतीय शिसवीची होऊ लागली. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाद्यावर वादकाची बोटे पडतात ती दक्षिण भारतातील लाकडावर. जानेवारी २०१७मध्ये शिसवीच्या संपूर्ण वर्गाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, तेव्हा फेंडरने मेक्सिकोतील वाद्यांसाठी दक्षिण अमेरिकेतील पाऊ फेरो हे लाकूड वापरायला घेतले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळाली.

मार्कस मिलर या अमेरिकन वादकाच्या वाद्यांकडे पाहिले, तर सगळा प्रश्न एका जागी दिसतो. माइल्स डेव्हिस यांच्यासोबत त्यांनी ज्यावर नाव कमावले तो जॅझ बेस १९७७चा, म्हणजे फेंडरच्या बदनाम वर्षांतला. न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी त्यात सुधारणा केल्या, घोडी बदलली आणि आवाज खुलवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल बसवले. पुढे फेंडरने मिलर यांच्या नावाचा चार तारांचा बेस काढला, तो जपानमध्ये बनवून. त्यानंतर २०१५च्या सुमारास मिलर यांचे नाव लावून आलेले 'सायर' बेस कोरियन कंपनीचे आणि इंडोनेशियात बनलेले. त्यांची किंमत इतकी कमी, की विद्यार्थ्यांनाही ते परवडले. एकाच वादकाचा आवाज तीन देशांत फिरला. खुद्द सॅडोव्स्की यांच्या नावाचे बेसही आधी न्यूयॉर्कला, मग टोकियोला आणि २०२०च्या सुमारास परवान्याने जर्मनी व चीनमध्ये बनू लागले. जर्मनीच्या वॉरविक कंपनीनेही महाग वाद्ये मार्कनॉयकिर्शनला आणि स्वस्त 'रॉकबेस' चीनला, अशी वाटणी केली.

या वाटणीतच खरे उत्तर आहे. लाकडाचे कोरीवकाम आज सर्वत्र संगणकाच्या हुकुमावर चालणारी यंत्रे करतात आणि यंत्राला देश नसतो. फरक पडतो तो माणसाच्या तासांत : लाकडाची निवड, फ्रेटची घासाई, शेवटची तपासणी, सदोष नग बाजूला काढण्याची तयारी. महाग देशात महाग वाद्यच बनवणे परवडते, म्हणून तेथे हे तास वाद्याला मिळतात. तेच तास इंडोनेशियात दिले, तर वाद्य तितकेच नेटके निघते; इबानेझच्या तेथील वरच्या श्रेणीने ते दाखवून दिले आहे. मात्र एकदम स्वस्त श्रेणीत दोन सारख्या नगांमध्येही तफावत असते, आणि म्हणून तेथे न वाजवता वाद्य घेणे धोक्याचे ठरते.

मोल ही मात्र वेगळी गोष्ट. पुनर्विक्रीच्या बाजारात अमेरिकन शिक्क्याला ग्राहक चटकन मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७०च्या दशकातील ढिसाळ बेसही आज भरभक्कम किमतीला जातात. वय आणि नाव यांचा तो भाव आहे. उलट बाजूने पाहावे, तर पॉल मॅककार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये जर्मन बनावटीचा हॉफनर बेस घेतला तो सुमारे तीस पौंडांना, फेंडर परवडत नव्हता म्हणून. १९७२ साली चोरीस गेलेले ते वाद्य परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले, तेव्हा साऱ्या जगात त्याची बातमी झाली. त्या बेसची आजची किंमत ठरवताना जर्मनीचे नाव कोणी हिशेबात धरणार नाही.

मुंबई-पुण्याच्या ग्राहकापुढे आणखी एक गणित असते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, त्या काळात परदेशी वाद्य मिळणेच दुरापास्त होते. आज ते मिळते, पण आयातकर आणि वाहतूक यांमुळे अमेरिकन आणि इंडोनेशियन वाद्यांतील अंतर रुपयांत अधिकच बोचते. त्यातून कोकण-मुंबईचा पावसाळा आहे. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात लाकूड फुगते, हिवाळ्यात आकसते, आणि कॅलिफोर्नियाची दांडीही चिनी दांडीसारखीच हलते. सळई पिळून, तारांची उंची जुळवून घेण्याचे काम जाणकार कारागिराकडून वर्षातून एकदोनदा करून घ्यावे लागते. त्याचा खर्च दोन शिक्क्यांतील फरकाच्या मानाने किरकोळ असतो आणि नीट जुळवलेला स्वस्त बेस न जुळवलेल्या महाग बेसवर सहज मात करतो.

दुकानात वाद्य हाती आले की दांडीला टोकाकडून, नेम धरल्यासारखे, एका डोळ्याने पाहावे. पीळ असेल तर तो दिसतो. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटचा स्वर वाजवून ऐकावा. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सर्वांत बारीक तारेचा स्वर लवकर विझतो का, याकडे कान द्यावा. हा दोष महागड्या बेसमध्येही असतो. सळईचा पीळ संपलेला नाही ना, हे विचारावे. पट्टा खांद्याला लावून दहा मिनिटे उभ्याने वाजवून पाहावे. जुने वाद्य असेल, तर विक्रेत्याच्या परवानगीने मागचे चार स्क्रू काढून दांडीची टाच आणि धडातील खाच यांवरच्या तारखा व शिक्के जुळतात का, तेही पाहावे. देशाचे नाव दांडीवर असते. धड दुसऱ्याच देशातून आलेले असू शकते.