आबाजींची पहिली शिकार

नागभीडच्या बाजूला जुन्या माणसांपाशी घटकाभर बसले, की दोन गोष्टी ऐकल्यावाचून उठता येत नाही. एक नागपूर-नागभीड छोट्या गाडीची आणि दुसरी पहिल्या शिकारीची. छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंद केली. गोष्टी मात्र बंद झाल्या नाहीत. आमच्या घरातली अशीच एक गोष्ट आज आपल्याला सांगायची आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, तेव्हा ती नुसती सांगून भागणार नाही, थोडी तपासूनही पाहावी लागेल.

तळोधी-बाळापूरकडच्या एका खेड्यात माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, घराण्याची मालगुजारी होती. साल १९४४, जानेवारी महिना, आबाजींचे वय सोळा. धान निघून गेले होते आणि बांध्यांत लाखोळी उभी होती. आमच्या झाडीपट्टीत धान उभे असतानाच ओलीत लाखोळी फेकतात, धानामागून ती आपोआप वर येते. थंडीच्या दिवसांत भोवतालचे गवत वाळू लागते आणि ही तेवढी हिरवीगार! मग चितळांचे कळपच्या कळप रात्री तिच्यावर उतरतात. पिकाच्या राखणीसाठी घरात परवान्याची एक भरमार बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे गजाने ठासायचे, मग टोपी चढवायची. बार एकच. तो चुकला की पुन्हा ठासेपर्यंत चितळ डोंगरापलीकडे.

तळ्याच्या पारीखालच्या मोहावर मचाण बांधले होते. आबाजी सांगत, "चांदनं असं होतं की लाखोळीचं फूल दिसे." बरोबर एक गोंड गडी होता. वारा कोणीकडून येतो हे पाहून मोहाचे झाड त्यानेच निवडले होते. मध्यरात्र उलटल्यावर कळप आला. पुढे माद्या, मागे एक नर. ह्या दिवसांत आपल्याकडच्या पुष्कळ नरांची शिंगे कोवळी असतात, त्यांवर मखमलीसारखी लव असते. आबाजींना ती लव चांदण्यात दिसली होती म्हणे. (मला हे थोडे अतिशयोक्तीचे वाटते, पण असो.) बार झाला, कळप उधळला आणि नर पारीपर्यंत धावून पडला. १९९९ साली, बी.ए.ला असताना, ही हकीकत मी त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घेतली. त्यात एक वाक्य असे आहे : "बंदूक माझ्याहून उंच, पन त्या रात्री नळी काही जड लागली नाही."

सकाळी गावात वाजतगाजत मिरवणूक निघाली. वाटे पडले. आबाजी त्या दिवसापासून शिकारी झाले.

आता बंदूक कोणाच्या हातात असे, हे पाहू. इंग्रजांनी १८७८ सालीच जंगलाचा आणि हत्यारांचा असे दोन कायदे केले. सरकारी रानात शिकार करायची तर परवाना हवा आणि बंदूक बाळगायची तर दुसरा परवाना हवा. साहेबाला ठरावीक दिवसांसाठी शिकारीचा ब्लॉक मिळे, मालगुजाराला पिकाच्या नावाने बंदूक मिळे. गोंडाजवळ जाळे आणि धनुष्यबाण. ते घेऊन तो सरकारी हद्दीत शिरला, की गुन्हा! चितळ तेच, रानही तेच. एकाची ती करमणूक, दुसऱ्याची राखण आणि तिसऱ्याची चोरी.

हे काही एका घरापुरते नव्हते. बाबा आमट्यांचेच उदाहरण घ्या. १९१४ साली हिंगणघाटला जमीनदार घराण्यात जन्मलेल्या ह्या मुलाजवळ चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक होती आणि रानडुकरे, हरणे तो मारीत असे. पुढे त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा माडिया शिकारी वाटेत भेटले. त्यांच्याजवळ मेलेली वानरी होती आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतले. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची ती सुरुवात. माडियांची ती शिकार पोटासाठी होती. बापाच्या लहानपणची शिकार आणि मुलाने पाहिलेली शिकार, ह्या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो.

आमच्या घरची मालगुजारी १९५१ साली, मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने, सगळ्यांबरोबर गेली. बंदूक पुढे काही वर्षे होती. अलीकडे, २०१८ साली, नागभीडजवळच्या घोडाझरीचे अभयारण्य झाले. लाखोळीवर चितळे आजही उतरतात, शेतकरी आजही रात्रीची राखण करतो आणि चितळांच्या मागे वाघ येतो, म्हणून ती राखण आता पूर्वीपेक्षा जास्त भीतीची झाली आहे.

तर त्या गोंड गड्याविषयी. वही लिहिताना मी आबाजींना त्याचे नाव विचारले होते. त्यांना आठवले नाही. चितळाच्या शिंगांना किती फाटे होते ते आठवत होते, टोपी कोणत्या दुकानातून आणली तेही आठवत होते. नाव तेवढे नाही. मीही तेव्हा पुन्हा विचारले नाही, ही चूक माझी.

दोन वर्षांपूर्वी त्याच गावी एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. कोणाचा नातू म्हणून मी त्यांना माझी ओळख सांगितली, तसे ते हसले.

"सर, म्हंजे चितळाची गोष्ट तुमच्याही घरी सांगत असन?"

मी हो म्हटले. ते त्या गड्याचे नातू निघाले. त्यांच्या घरी ती रात्र निराळी सांगतात. "तुमच्या आबाजीचे हात थरथर कापत होते म्हने. आमच्या बुढ्यानं मागून नळी धरली, नेम धरला न् कानात सांगितलं, आता दाब. मालगुजाराचं पोरगं, घाबरला असं कसं सांगाव? बुढा गावात कोनाले बोलला नाही, घरीच सांगे." आजोबांचे नाव त्यांनी मला सांगितले. ते मी वहीत, पंचवीस वर्षांनी का होईना, समासात लिहून ठेवले आहे.

आबाजी आता नाहीत आणि तो गडीही नाही. साक्षीदार दोघेच होते. लग्नाहून परत आल्यावर रात्री मी वही काढली आणि ते वाक्य पुन्हा वाचले. बंदूक माझ्याहून उंच, पन त्या रात्री नळी काही जड लागली नाही.