पाहुणा किती काळ पाहुणा? मलेशियातील चिनी चित्रपटाची गोष्ट

१/८ मार्च १९२७. सिंगापूरच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये एक मूकपट झळकला: ‘शिन के’. अर्थ, ‘नवा पाहुणा’. चीनहून मलायात नशीब काढायला आलेल्या तरुणाची ही कथा. सिंगापूर-मलायाच्या भूमीवर घडलेला हा पहिला कथापट मानला जातो. #थ्रेड

२/८ निर्माते होते लिऊ बेइजिन. ब्रिटिश सेन्सॉरने चित्रपटाला कात्री लावली आणि आज त्याची एकही प्रत उरलेली नाही.

३/८ पुढे शॉ बंधूंनी चित्रपटगृहांचे जाळे विणले आणि १९४७ मध्ये सिंगापुरात स्टुडिओ थाटला. भांडवल चिनी, दिग्दर्शक बी. एस. राजहंस, फणी मजुमदार यांसारखे भारतीय आणि पडद्यावरची भाषा मलय! चिनी प्रेक्षकांची भूक मुख्यतः हाँगकाँगचे चित्रपट भागवीत.

४/८ १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला, १९६३ मध्ये मलेशिया जन्माला आला, १९६५ मध्ये सिंगापूर वेगळे झाले. मे १९६९ मध्ये क्वालालंपूर वांशिक दंगलींत होरपळले. १९७१ मध्ये राष्ट्रीय संस्कृती धोरण ठरले. त्याचा पाया होता मूळ रहिवाशांची, म्हणजे प्रामुख्याने मलय, संस्कृती.

५/८ याचे पडसाद तिकीटखिडकीपर्यंत उमटले. ‘स्थानिक’ चित्रपटाला करमणूक कराचा परतावा मिळे. पण स्थानिक ठरायचे तर बहुतांश संवाद मलय भाषेत हवेत. म्हणजे मलेशियन दिग्दर्शकाने मलेशियातच चित्रित केलेला चिनी चित्रपट सरकारदरबारी परदेशी!

६/८ कोंडी फोडली स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याने. तान चुई मुई यांच्या ‘लव्ह काँकर्स ऑल’ने २००६ मध्ये बुसानला आणि २००७ मध्ये रॉटरडॅमला पुरस्कार पटकावला. मलय दिग्दर्शिका यास्मिन अहमद यांच्या ‘सेपेट’मध्ये तर चिनी तरुण आपल्या आईला रवींद्रनाथांची कविता चिनी भाषेत वाचून दाखवतो.

७/८ कालांतराने भाषेची अट शिथिल झाली. २०१४ मध्ये चिउ केंग गुआन यांचा ‘द जर्नी’ आला. लेकीच्या लग्नाची आमंत्रणे द्यायला एक हट्टी चिनी बाप इंग्रज जावयासह मोटारसायकलवर देशभर फिरतो. सुमारे १.७ कोटी रिंगिट कमावून या चित्रपटाने तोवरच्या साऱ्या मलेशियन चित्रपटांचा विक्रम मोडला.

८/८ १९२७ च्या कथेत चिनी माणूस दारात उभा असलेला पाहुणा होता. २०१४ मध्ये तोच यजमान झाला. परक्या जावयाला ‘आपला’ देश दाखवू लागला. प्रेक्षकांनी त्याला केव्हाच घरचा मानले होते. कायद्याच्या व्याख्येला मात्र तिथवर पोहोचायला फार उशीर लागला.