जिंगल्सपासून बल्लभगडपर्यंत : भाड्याचे घर आणि आधाराचा प्राणी

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा नियोजित वेळेआधीच आला. त्यांचा कुत्रा जिंगल्स त्याच्याजवळ गेला आणि मुलगा खुलू लागला. त्या अनुभवावरून १९६२ मध्ये लेविन्सन यांनी ‘सहचिकित्सक कुत्रा’ ही कल्पना शोधनिबंधातून मांडली. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना आढळले, की कुत्रा व मालक एकमेकांकडे पाहत राहिल्यास दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते.

अमेरिकेच्या गृहनिर्माण कायद्याने १९८८ च्या दुरुस्तीनंतर अपंगत्वावरून होणारा भेदभाव निषिद्ध ठरवला. त्यामुळे तेथील भाडेकरू चिकित्सकाच्या पत्राआधारे ‘प्राणी नको’ या अटीतून सवलत मागू शकतो.

दिल्ली परिसरात स्थिती निराळी आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. परंतु भावनिक आधाराच्या प्राण्याचा उल्लेख नाही. फरिदाबाद जिल्ह्यातील बल्लभगड येथे मुख्यालय असलेल्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात म्हटले, की रहिवासी संघटना बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाहीत. तथापि हे बंधन संघटनांसाठी आहे. घरमालकाशी होणारा भाडेकरार ही वेगळी बाब आहे.

म्हणून नोएडात किंवा मुखर्जीनगरात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याने संकेतस्थळावरून विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. सही करण्यापूर्वी प्राण्याची परवानगी करारातच लिहून घ्यावी.