बाऊल, वाघाटी आणि कवटीचा हिशेब

तर झालं असं, की दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामाचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे. एका रात्री मुरबाडहून सरळगावमार्गे परत येताना मोटरसायलीच्या उजेडात रस्त्याच्या कडेला एक मांजर दिसलं. म्हणजे आधी मांजरच वाटलं. पण पाय चांगले लांब, शेपूट आखूड, अंगावर ना पट्टे ना ठिपके, सगळं मातकट करडं. दोन सेकंद त्याने आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे भाताच्या खाचरात उतरून गेलं. घाई नाही, काही नाही. आम्हीच काय ते आगंतुक!

"बाऊल," मामा म्हणाला. "कोंबड्यांवर डोळा असतो मेल्याचा."

बाऊल म्हणजे रानमांजर, शास्त्रीय नाव फेलिस काउस. आता गंमत अशी, की हेच रानमांजर मी काही वर्षांपूर्वी कच्छच्या छोट्या रणात पाहिलं होतं. तिथल्या गाईडने नाव हेच सांगितलं, पण ते प्रकरण चांगलंच फिकट होतं, दहा वेळा धुतलेल्या खाकी शर्टासारखं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग ती दोन वेगळी असतील. एवढं काय त्यात?"

प्रश्न साधा आहे. पण मंडळी, या साध्या प्रश्नावर लोकांनी जवळजवळ दोनशे वर्षं घालवलीत. त्यातला बराच भाग आपल्या मुंबई इलाख्यात घडलाय, आणि आपल्याला (निदान मला तरी) त्याचा पत्ता नव्हता. पुढचे तीन विकांत त्यातच गेले.

सुरुवात वॉल्टर इलियट नावाच्या साहेबापासून करू. हा कंपनी सरकारचा अधिकारी, धारवाडकडे नेमणुकीला. 1824 साली कित्तूरच्या राणी चेन्नम्माने उठाव केला तेव्हा हा तिच्या कैदेत होता. सुटल्यावर त्याने त्या भागातले प्राणी गोळा करायला घेतले आणि 1839 साली 'दक्षिण मराठा मुलखातल्या' सस्तन प्राण्यांची यादी छापली. यादीत त्याने स्थानिक नावंही टिपली. सह्याद्रीतल्या लोकांनी ठिपक्यांच्या एका छोट्या मांजराला 'वाघाटी' म्हटलं, त्याने तसंच लिहून घेतलं.

पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन एडवर्ड ग्रे नावाचे एक गृहस्थ होते. नवीन नावं ठेवायची यांना जबर हौस. 1867 साली त्यांनी मांजरांच्या कवट्यांवर आणि कातड्यांवर लिहिताना या मांजराला थेट नाव दिलं: फेलिस वागाटी. आपल्या घाटातला मराठी शब्द लॅटिनचा कोट घालून लंडनच्या नियतकालिकात जाऊन बसला! पण फार काळ टिकला नाही. हे मांजर म्हणजे बंगालपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेल्या लेपर्ड कॅटचंच एक रूप, असं ठरलं आणि 'वागाटी' जुन्या नावांच्या अडगळीत गेलं. त्याच मांजराला कोणी नेपाळवरून नाव दिलं होतं, कोणी चीनवरून. नमुना एक, गाव एक, की नाव एक. असा सगळा कारभार.

आपल्या धंद्यातल्या माणसाला यातला घोटाळा लगेच कळेल. ग्राफवर तीन ठिपके असले की त्यांच्यातून कुठलीही रेषा काढता येते. मांजरांचं तेच झालं. एका गावचं कातडं फिकट, दुसऱ्या गावचं गडद. झाल्या दोन जाती. पण फिकट कातडं उन्हाळ्यातलं आणि गडद हिवाळ्यातलं असेल तर? कवटीचं तर त्याहून अवघड. नराची कवटी मादीपेक्षा मोठी, म्हाताऱ्या नराच्या डोक्यावर हाडाचा कंगोराच येतो. एका ठिकाणचा म्हातारा नर आणि दुसऱ्या ठिकाणची तरुण मादी शेजारी ठेवली तर कोणालाही त्या दोन जाती वाटतील.

यावर उपाय एकच: नमुने वाढवा, आणि प्रत्येकावर नीट चिठ्ठी लावा.

इथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी येते. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) ती सुरू केली. आठात दोन आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीचे सचिव मिलार्ड हे पेशाने दारूचे व्यापारी. त्यांनी 1911 साली एक अफाट काम अंगावर घेतलं, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या सस्तन प्राण्यांची जिल्ह्यागणिक पाहणी. ती 1923 पर्यंत चालली. आणि पहिला अहवाल कुठला? खान्देशचा! क्रम्प नावाचा संग्राहक 1911 च्या उन्हाळ्यात खान्देशात सापळे लावत फिरला. जळगाव-धुळ्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याने या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करावा.

काम अगदी शिस्तीचं. प्राणी मारला की ताजा असतानाच चार मापं घ्यायची: डोकं आणि धड, शेपूट, मागचं पाऊल, कान. मग कातडं सोलून भरायचं, कवटी साफ करायची, आणि दोन्हीला एकच नंबर बांधायचा. चिठ्ठीवर गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, नर की मादी. पेट्या भरून लंडनला. तिथे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले रॉटन साहेब वाटच बघत असायचे. वाचायला आज कसंतरीच वाटतं, मारून मारून मोजायचं म्हणजे. पण आज त्या चिठ्ठ्याच आपल्याला सांगतात, की शंभर वर्षांपूर्वी कुठल्या गावच्या रानात काय होतं.

या ढिगावर बसून रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1939 साली आपला ग्रंथ लिहिला. हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे माजी प्रमुख. त्यांनी आपल्या बाऊलाच्या सरळ वाटण्या केल्या. हिमालयातलं जाड केसांचं ते अफिनिस. उत्तरेच्या मैदानातलं ते कुटास (हा शब्द 'खटास' या देशी नावावरून). कृष्णेच्या दक्षिणेकडचं आणि सिलोनचं ते केलार्टी. आणि वाळवंटातलं फिकट ते प्रेटरी, सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांच्या सन्मानार्थ. या शेवटच्याचा मूळ नमुना सिंधमधल्या जेकबाबादचा. सिंध 1936 पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता, हे आपण विसरून जातो. म्हणजे फिकट प्रेटरीचं गाव आणि मामाचं गाव, दोघांचा कारभार एकाच मुंबईतून चालायचा.

शहापूरचं बाऊल कुठल्या खात्यात? कृष्णेच्या उत्तरेला, म्हणजे कागदावर उत्तरवाल्यांच्या बाजूला. पण मांजराला कृष्णा नदी कुठे सुरू होते ते कोण सांगणार? मुरबाडवरून माळशेज चढलं की तासाभरात तुम्ही भातखाचरं आणि ओल सोडून जुन्नरच्या कोरड्या माळावर असता. नाणेघाटातून माणसं दोन हजार वर्षं ये-जा करतायत. बाऊल काय जकात भरायला थांबणार आहे?

वाळवंटाची गोष्ट मात्र वेगळी, कारण तिथे फरक खरोखर हाडापर्यंत जातो. सहारापासून पाकिस्तानपर्यंत वाळूत राहणारं एक चिमुकलं मांजर आहे, सँड कॅट. वजन दीड ते साडेतीन किलो. 1858 साली अल्जीरियातून त्याला नाव मिळालं फेलिस मार्गारिटा. (मार्गारेट नावाची कोणी बाई नव्हे, मार्गेरीत नावाचा फ्रेंच अधिकारी!) 1926 साली तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटातलं मांजर रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओग्नेव्ह यांनी वेगळंच म्हणून जाहीर केलं. 1974 साली पाकिस्तानातल्या नुश्कीच्या मांजराला तिसरं नाव मिळालं. 1976 साली हेमर, ग्रब आणि ग्रोव्ह्ज या तिघांनी सगळ्यांची कातडी आणि कवट्या एकत्र मांडून तुलना केली, आणि ओमानच्या मांजराला आणखी एक नाव देऊन मोकळे झाले.

या मांजराची कवटी बघण्यासारखी असते. रुंद, आणि कानामागे हाडाचे दोन मोठाले फुगे. वाळवंटात झाडी नाही, सावज लांब लांब, त्यातलं बरंच वाळूखाली. तेव्हा हलका, खालच्या पट्टीतला आवाज पकडायला कानाची पोकळी मोठी हवी. रंग वाळूचा, आणि तळपायाला केस, म्हणजे तापलेली वाळू भाजत नाही. थोडक्यात, मुलखाने मांजर घडवलंय. कोरड्या मुलखात फिकट आणि दमट मुलखात गडद हा नियम ग्लोगर या जर्मन माणसाने 1833 सालीच मांडला होता. रणातलं बाऊल आणि किन्हवलीचं बाऊल यांच्यातला फरक बऱ्यापैकी त्यातच बसतो.

आता वर आलेलं ग्रोव्ह्ज हे नाव लक्षात ठेवा. तीस वर्षांनी हेच कॉलिन ग्रोव्ह्ज पुन्हा कवट्या मोजायला बसले, या वेळी शोमिता मुखर्जी यांच्याबरोबर, आणि या वेळी आपल्या बाऊलाच्या. 2007 साली त्यांचा निबंध आला. निष्कर्ष मस्त आहे: बाऊल पश्चिमेकडून पूर्वेकडे लहान होत जातं. इस्रायलकडचं दणकट, आपलं मध्यम, आग्नेय आशियातलं छोटं. त्यांनी सुचवलेलं कारण म्हणजे स्पर्धा. पूर्वेकडे छोट्या मांजरांच्या जाती जास्त, मग प्रत्येकाला आपापल्या मापाचं सावज धरून राहावं लागतं. रंग उन्हापावसाने ठरतो, पण माप शेजाऱ्यांनीही ठरतं!

इथे मुद्द्याची गोष्ट येते. हा बदल पायऱ्यांचा नाही, उताराचा आहे. जेकबाबादला एक पाटी, कृष्णाकाठी दुसरी पाटी, असं नाही. पोकॉक यांनी फरक बघितला तो खरा होता. रेषा मात्र त्यांनी काढलेली होती. 2010 साली मुखर्जी, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतून मिळवलेला डीएनए तपासला, तेव्हा बाऊलाच्या बाबतीत देशभर सगळी सरमिसळ निघाली. स्पष्ट तट नाहीत. गंमत म्हणजे लेपर्ड कॅट, म्हणजे इलियटची वाघाटी, तिच्यात मात्र उत्तर आणि दक्षिण असे दोन गट निघाले. मध्य भारताचा कडक उन्हाळा तिला सोसत नाही, त्यामुळे पश्चिम घाटातल्या वाघाट्या हिमालयाकडच्यांपासून तुटल्यात. म्हणजे जिथे पोकॉक यांनी वाटण्या केल्या तिथे भिंत नव्हती, आणि ज्या वाघाटीचं वेगळं नाव लोकांनी पुसून टाकलं तिथे खरोखरच काहीतरी वेगळं होतं. (ग्रे साहेब वर कुठेतरी हसत असतील.)

2017 साली आययूसीएनच्या तज्ज्ञांनी सगळ्या मांजरांचा हिशेब नव्याने मांडला. सँड कॅटची पाच-सहा नावं दोनावर आली. भारतातली सगळी बाऊलं, हिमालयापासून लंकेपर्यंत, एकाच अफिनिसमध्ये. प्रेटर साहेबांचं मांजर कागदावरून गेलं.

मग या सगळ्याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. आहे. साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आपली भारतातली वाघाटी पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. तिचीच बहीण सीमेपलीकडे कित्येक देशांत दुसऱ्यात. नाव आणि रेषा यांच्यावर असं खरोखरचं संरक्षण ठरतं. रेषा चुकली तर चुकीच्या मांजराची काळजी घेतली जाते आणि बरोबरचं निमूटपणे संपतं.

आणि बाऊल 'सगळीकडे असतं' म्हणून त्याची काळजी कोणीच करत नाही. ते अभयारण्याचं मांजर नाही. ते खाचराच्या बांधावरचं, माळावरचं, ओढ्याच्या काठच्या गवतातलं. सरकारी कागदावर ज्याला पडीक जमीन म्हणतात तिथलं. शहापूर-मुरबाडमधली अशी जमीन आज काय भावाने जाते ते तुम्हाला मी सांगायला नको, आपल्यातल्याच कित्येकांनी तिथे सेकंड होमचं बुकिंग केलंय. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. मी स्वतः त्यावरून खुशीत गेलोय, उगाच साळसूदपणा नको. पण जो उतार जेकबाबादपासून लंकेपर्यंत अखंड आहे, तो अखंड राहिला कारण मांजरं चालत राहिली. चालणं थांबलं, की आज जिथे भिंत नाही तिथे आपण उद्या ती बांधलेली असेल.

मे महिन्यात मामाचा फोन आला. "तुझं ते बाऊल मेलं रे. रस्त्यावर गाडीखाली. तेच का दुसरं, काय माहीत." म्हटलं, मामा, हात लावू नकोस, वनखात्याला कळव, आणि आधी एक फोटो काढ. शेजारी मापाला काहीतरी ठेव.

फोटो आला. रस्त्याच्या कडेला पाय ताणून पडलेलं करडं मांजर, आणि शेजारी मामाची आठ नंबरची चप्पल. खाली मामाने टाइप केलं होतं: गाव, तारीख, 'नर असावा'.

उंची तेवढी राहिली होती. ती मी नकाशावर बघून लिहिली.

चू.भू.दे.घे.