रोगाची वार्ता आणि तिचा प्रवास

आपल्या शरीरांतील व्याधीविषयीं माणसानें कोणास विचारलें, ह्याचा इतिहास आपल्याकडे क्वचितच लिहिला जातो. वैद्यांचीं चरित्रें पुष्कळ आहेत. रोग्याचा प्रश्न मात्र इतिहासकारांस क्षुद्र वाटत असावा. धाराशिव जिल्ह्यांतील, रामलिंगाच्या डोंगराशेजारचें येडशी हें गांव घेतलें, तर ह्या प्रश्नाचा माग रेल्वेच्या रुळांवरून काढावा लागतो. १८९७ सालीं बार्शीस आलेली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली, आणि वाटेवरची येडशी बार्शीच्या पेठेशीं जोडली गेली. येडशी निजामाच्या राज्यांत, बार्शी इंग्रजी अमलांत; पण दुखण्याला सरहद्द कोठची?

पेठेंत विचारतां येतो तो सांगतां येण्याजोगा रोग. स्त्रियांच्या दुखण्यांस घरांतही धड नांव नव्हतें. ‘अंगावरून जातें’ एवढ्या शब्दांत अनेक रोग दडून बसत. रघुनाथराव कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत (१९२७–१९५३) वाचक पत्रानें असले चोरटे प्रश्न विचारीत. त्यांच्या उत्तरांवरून १९३४ सालीं खटला झाला. बाबासाहेब आंबेडकरांनीं कर्व्यांची बाजू मांडली, तरी दंड चुकला नाहीं.

बार्शींत १९८२ सालीं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय निघालें व १९८७ सालीं तेथें ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली. रोगी आपण होऊन येत नाहींत हें ओळखून नोंदणीचीं माणसें गांवोगांव हिंडलीं आणि रोगाचीं पूर्वलक्षणें लोकांस समजावून देऊं लागलीं. पुढें १९९९ सालीं, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं एक मोठा प्रयोग आरंभिला गेला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया. खेड्यांचे ५२ समूह. कांहींसाठीं विषाणूची तपासणी, कांहींसाठीं पेशींची, कांहींसाठीं सिरकाम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची. उरलेल्या ३१,४८८ स्त्रियांस तपासणी नव्हती. दवाखान्यांत जाऊन ती कशी करून घ्यावी, एवढी सूचना मात्र होती. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूतपासणीच्या गटांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ जणी ह्या रोगानें वारल्या. सूचनेच्या गटांत ६४. असा गट ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें घेतला गेला, आणि तो आम्हांस वाजवी वाटतो. शास्त्रज्ञांचें म्हणणें कांहीं असो, ह्या दोन आंकड्यांमधील अंतर हाडामांसाचें आहे.

आतां इंटरनेटचें पाहूं. १९९५ च्या १५ ऑगस्टला तें आपल्या देशांत सर्वसामान्यांस खुलें झालें. आज तें खेड्यांतील सुनेच्या हातांतील फोनवर आहे. सासूस न विचारतां, नवऱ्यास न कळूं देतां, ‘अंगावरून जातें’ हेच शब्द ती त्यांत लिहूं शकते. कर्व्यांच्या वाचकांस पोस्टाची वाट पाहावी लागे. हिला क्षणांत उत्तर मिळतें. ही सोय आम्ही थोडी समजत नाहीं. लाजेनें किती जणींचा रोग हाताबाहेर गेला असेल! उत्तर देणारा वैद्य आहे कीं औषध विकणारा, हें फोन नेहमीं सांगत नाहीं, ही अडचण खरी. पण जुन्या वर्तमानपत्रांतील धातुपुष्टीच्या जाहिरातीही कांहीं वेगळ्या नव्हत्या.

आमची शंका निराळी आहे. समजा, उत्तर अगदीं बिनचूक मिळालें: तपासणी करून घ्या, अमुक ठिकाणीं जा. सूचनेच्या गटांतील स्त्रियांसही ह्याहून फारसें वेगळें सांगितलें नव्हतें. मधें दिवसाची मजुरी, गाडीभाडें आणि घरच्यांची परवानगी उभी असते. त्या प्रयोगांत ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यासाठीं शिकविलेल्या परिचारिका खेड्यांत आल्या होत्या.